मदत हवी आहे: इलिनॉयमधलं कन्सिल्ड कॅरीचं (लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचं) ट्रेनिंग

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोजवळ राहतो, दोघंही ग्रीनकार्डवर. गॅस स्टेशनवर रात्रीची पाळी मीच बघते. दोन महिन्यांपूर्वी एकाने काउंटरवर पिस्तूल ठेवून गल्ला रिकामा करून नेला. तेव्हापासून विचार करून मी फॉइड कार्ड (इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायला लागणारं ओळखपत्र) काढलं, आता कन्सिल्ड कॅरीच्या लायसन्ससाठीचा १६ तासांचा कोर्स करायचाय.

अडचण शेवटच्या परीक्षेची आहे. ५, ७ आणि १० यार्डांवरून प्रत्येकी १० गोळ्या, आणि ३० पैकी निदान २१ निशाणावर लागायला हव्यात. गेल्या शनिवारी रेंजवर सरावाला गेले होते. ५ यार्डांवरून ठीक जमलं, पण १० वरून सगळ्या गोळ्या डावीकडे खाली! चाप ओढायच्या आधीच माझं मनगट दचकतं. त्यात मी उजव्या हाताची, पण नेम डाव्या डोळ्याने धरते, हे तिथेच कळलं. रिकामं पुंगळं तापलेलं येऊन मानेवर पडलं, त्याचा डाग अजून आहे.

कुणी हा कोर्स केलाय का? डोळा-हात उलटे असतील तर डाव्या हाताने शिकावं की मान थोडी वळवावी? घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करून दचकणं जातं का? नेपरविल-ऑरोराकडे धीराने शिकवणारी बाई प्रशिक्षक माहीत असेल तर जरूर सांगा.

आणि घरात सात वर्षांची मुलगी आहे. तिजोरी बोटाच्या ठशाची घ्यावी की आकड्यांची? हे ठरल्याशिवाय मी पिस्तूल घरात आणणार नाही.