मराठी मजकुरात आपोआप शब्द तोडणं बंदच ठेवावं का?

शाईचा डाग
एका संस्थेच्या स्मरणिकेचं काम हातात आहे. लेख कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, कुणी ईमेलने. सगळे एका फाइलीत पेस्ट केले, जस्टिफाय केले म्हणजे दोन्ही कडा सरळ केल्या, हायफनेशन म्हणजे आपोआप शब्द तोडणं चालू केलं. एका परिच्छेदात ओळीच्या शेवटी शब्द तुटतात, लगेच खालच्यात एकही तुटत नाही, नुसती भगदाडं. आणि तुटतात ते कसे? 'राजका-रण', 'सभास-दांनी'. माझं मत स्पष्ट आहे: मराठीत हे प्रकरण बंद करा, डावी कड सरळ, उजवी मोकळी.

जुळारी
साफ अमान्य. वर्ड प्रोसेसर लिपी बघून शब्द तोडत नाही, त्या मजकुरावर कुठल्या भाषेचं लेबल आहे ते बघतो. पेस्ट करताना लेबलही सोबत येतं. तुमच्या निम्म्या लेखांवर हिंदी किंवा इंग्रजी असणार. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीची भाषा 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'च्या वेगळ्या खान्यात ठरते आणि लोक इंग्रजीचा खाना बदलत बसतात. शिवाय मराठीचा हायफनेशन कोश बसवलेला नसेल तर लेबल बरोबर असूनही काही होणार नाही. एखादा लेख जुन्या बिगर-युनिकोड फाँटातला असेल तर विषयच संपला. प्रोग्रामच्या लेखी ती रोमन अक्षरं, तो त्यांना इंग्रजीचेच नियम लावणार.

शाईचा डाग
लेबलं सुधारतो. पण 'राजका-रण'चं काय? तिथे तर लेबल मराठीच होतं.

अर्धविराम
ते तसंच राहणार. संतोष तोट्टिंगल यांनी पानं जुळवून देणाऱ्या प्रोग्रामसाठी, म्हणजे टेक्‌साठी केलेले मराठीचे नमुने, म्हणजे शब्द कुठे तोडायचा याचे नियम, उघडून बघा, थोडक्या ओळींचा मामला आहे. स्वरचिन्हानंतर तोडायला हरकत नाही, हलन्ताच्या अल्याडपल्याड तोडू नका, अनुस्वार-विसर्गाआधी तोडू नका. त्यामुळे जोडाक्षर शाबूत राहतं, पण समास कुठे सुटतो हे यंत्राला कुणी सांगितलेलंच नाही. फ्रँकलिन लियांगने स्टॅनफर्डच्या 1983च्या प्रबंधात इंग्रजीसाठी नमुने काढले ते शब्दकोशातल्या, आधीच तोडून दाखवलेल्या शब्दांवरून. आपल्याकडे तशी यादी कुणीतरी बसून केली पाहिजे. तोवर शाईचा डाग यांच्या बाजूने माझं मत.

पोथीनिष्ठ
एवढा गहजब कशाला? जुन्या पोथ्यांत शब्द सलग, ओळ भरली की पुढचं अक्षर खाली. संयोगचिन्हाचा पत्ता नाही. कुणाचं अडलं?

जुळारी
पोथी बहुतेकांना आधीच पाठ असायची हो. स्मरणिकेतला अध्यक्षांचा अहवाल कोण पाठ करणार?

दोन कॉलम
हायफनेशन बंद करा म्हणणाऱ्यांनी अरुंद कॉलममध्ये मराठी बसवून दाखवावी. आपल्याकडे विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं शब्दालाच चिकटतं. 'महाविद्यालयांमधल्यासुद्धा' हा एक शब्द आहे. जस्टिफाय ठेवून तो न तोडता खाली ढकलला की वरच्या ओळीत दोन-तीन शब्द उरतात आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा. उजवी कड मोकळी सोडली तर भगदाडं जातील, पण कॉलम कुरतडल्यासारखा दिसेल. त्यापेक्षा एखादं 'सभास-दांनी' परवडलं.

अर्धविराम
त्या भगदाडांचा सगळा दोष हायफनेशनवर ढकलू नका. बरेचसे वर्ड प्रोसेसर एकेक ओळ भरत खाली येतात, मागे वळून बघत नाहीत. टेक् पूर्ण परिच्छेदाचा हिशेब करून ओळी ठरवते, टेक्चे कर्ते नूथ आणि त्यांच्यासोबत प्लास यांनी ती रीत 1981 साली मांडली. आणि वाचकाच्या सोयीचंच बोलायचं तर वेबसाठीच्या प्रवेशसुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत सर्वोच्च, म्हणजे एएए पातळीवर, दोन्ही कडा सरळ केलेला मजकूर नकोच म्हटलंय.

दोन कॉलम
ते पडद्यासाठी. कागदावर लोकांना सरळ कडा लागतात, आणि बिल लोकच देतात.

जुळारी
शाईचा डाग, एक करा. जिथे खटकतं तिथे कंट्रोल धरून हायफन दाबा, राज आणि कारण यांच्यामध्ये. ही खूण शब्द ओळीच्या शेवटी आला तरच दिसते. साधं हायफन टाइप करू नका, प्रूफात दोन शब्द वाढले की ते ओळीच्या मधोमध येऊन बसतं. आणि छापखान्यात पीडीएफच द्या, फाँट आत घालून. मूळ फाइल दिलीत आणि त्यांच्याकडे तो फाँट नसला तर सगळ्या ओळी पुन्हा हलतील.

शाईचा डाग
अहवालाचे दोन कॉलम आहेत, तेवढ्यात हाताने खुणा घालतो. बाकी लेखांची उजवी कड मोकळीच सोडणार. अध्यक्षांनी विचारलं तर डब्ल्यूसीएजी दाखवतो.