हिसाइशींनी बीथोव्हन-ब्राम्स कंडक्ट करायला हवं का?

सावनी_के
जपानी संगीतकार जो हिसाइशी एप्रिल 2025पासून ओसाकाच्या जपान सेंच्युरी सिम्फनी ऑर्केस्ट्राचे म्युझिक डायरेक्टर आहेत. 2023मध्ये डॉइच ग्रामोफोन या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, 2024मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिकने त्यांना संलग्न संगीतकार म्हणून घेतलं. मियाझाकींच्या अॅनिमेशन चित्रपटांना त्यांनी 1984च्या 'नाउसिका'पासून दिलेलं संगीत मला जिवापाड आवडतं. तरीही मला वाटतं, पोडियमवरची, म्हणजे कंडक्टरची, ही जागा त्यांना लोकप्रियतेने दिली, कंडक्टिंगने नाही. कंडक्टर सेइजी ओझावा हिदेओ साइतो या शिक्षकांच्या हाताखाली घडले, 1959ला बेझाँसोंची कंडक्टिंगची स्पर्धा जिंकले, मग काराजान आणि बर्नस्टाइन यांच्याकडून शिकले. हिसाइशींचं कुनिताची संगीत महाविद्यालयातलं शिक्षण रचनेचं. म्युझिक डायरेक्टर वर्षभराचे कार्यक्रम ठरवतो, वादकांच्या निवडीत त्याचा शब्द चालतो. इतकं मोठं काम ज्याने आयुष्य त्यातच घातलंय त्याच्याकडे जावं.

तालमाला
अजिबात पटलं नाही. त्यांना फक्त चित्रपटांतून ओळखलं की असं वाटतं. विद्यार्थी असतानाच ते मिनिमलिझमकडे, म्हणजे छोट्या आकृत्यांच्या पुनरावृत्तीवर उभ्या संगीताकडे, ओढले गेले. 1981चा त्यांचा 'म्क्वाजू' अल्बम तालवाद्यांचा आहे, म्हणजे 'नाउसिका'च्याही आधीचा.

आता नागानो चेंबर ऑर्केस्ट्राबरोबरच्या बीथोव्हनबद्दल. 2016 ते 2018 या काळात त्यांनी नऊच्या नऊ सिम्फनी केल्या. सातवी ऐका. तंतुवाद्यं मोजकी, लय चढी. दुसऱ्या भागात तो एकच आकृतिबंध, एक दीर्घ, दोन ऱ्हस्व, दोन दीर्घ, सतत चालू राहतो. बरेच कंडक्टर वरच्या सुरावटीमागे जातात आणि ही चाल पार्श्वभूमीला ढकलतात. इथे तीच इमारत उभी करते. छोट्या आकृत्या पुन्हा पुन्हा वापरून संगीत रचण्यात ज्याची चाळीस वर्षं गेली, त्याला हे आतून दिसतं. व्हायोला काय करतायत तेही स्पष्ट ऐकू येतं.

सावनी_के
सातवी त्यांच्या पिंडाचीच आहे, ती चांगली होणारच. पण नवव्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागाचं काय? तिथे सुरावटीला श्वास घ्यायला जागा लागते, मला मात्र घाई जाणवते. ब्राम्समध्ये वाक्यं मात्रांच्या रेषा ओलांडून जातात, तीनचे गट दोनवर चढतात. ठोका घट्ट धरला की ते आवळलं जातं.

दुसरा_व्हायोलिन
मी हौशी ऑर्केस्ट्रात वाजवतो. तालमीत सर्वात उपयोगी पडतो तो हा स्वर इथे का लिहिलाय हे सांगू शकणारा माणूस, आणि ते रचनाकाराला सांगता येतं. माहलर, रिचर्ड श्ट्राउस हेही रचनाकारच होते. फ्रेंच रचनाकार बुलेझ तर कंडक्टिंग बव्हंशी स्वतःच शिकले आणि 1971 ते 1977 न्यूयॉर्क फिलहार्मोनिक सांभाळली. त्यामुळे शिक्षणाचा मुद्दा मला टिकणारा वाटत नाही.

नदीकाठ
बुलेझची तुलना इथे लागू नाही. त्यांनी 1954पासून पॅरिसमध्ये नव्या संगीताच्या मैफली उभ्या केल्या, इतरांच्या अवघड रचना वर्षानुवर्षं छोट्या संचाकडून करून घेतल्या, मग मोठ्या ऑर्केस्ट्रापर्यंत पोचले. पाठीशी चित्रपटांचं वलय नव्हतं. मी सावनीच्या बाजूने.

तालमाला
नदीकाठ, हिसाइशीही 2014पासून 'म्युझिक फ्युचर' मालिकेत तेच करतायत: इतरांचं समकालीन संगीत, छोटा संच. अमेरिकन मिनिमलिस्ट रचनाकार स्टीव्ह राइखचं 'द डेझर्ट म्युझिक' त्यांनी टोकियोत केलं. गायकवृंद आणि ऑर्केस्ट्रा मिळून ते एकसंध ठेवणं महाकठीण, आणि फक्त नावावर तिकिटं खपवायची असती तर कोणी ही रचना निवडली नसती.

आणि जपानमध्ये चित्रपट एकीकडे, मैफल दुसरीकडे अशी भिंत होती कुठे? रचनाकार ताकेमित्सूंनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी 1967ला 'नोव्हेंबर स्टेप्स' लिहिलं आणि 1985ला कुरोसावांच्या 'रान' चित्रपटाचं संगीतही. 'गोडझिला'वाले इफुकुबे तोक्यो संगीत महाविद्यालयात शिकवत होते.

सावनी_के
ताकेमित्सूंची बाजू तुमच्याइतकीच मीही घेईन. पण त्यांनी 'नोव्हेंबर स्टेप्स' लिहिलं आणि पोडियमवर ओझावा होते! माझा आक्षेप हिसाइशींच्या रचनांना नाहीच. व्हिएन्ना सिम्फनीबरोबरच्या 2024च्या अल्बममधली त्यांची स्वतःची दुसरी सिम्फनी मला फार मोलाची वाटते. तिच्या शेवटच्या भागात मुलांच्या गाण्यासारखी साधी सुरावट एकेका वाद्यात शिरत जाते आणि शेवटी प्रचंड होते. त्याच अल्बममधली 'व्हायोला सागा' व्हायोलावादक आंत्वान तामेस्तींनी काय वाजवलीय! स्वतःच्या रचना त्यांनी जगभर कंडक्ट कराव्यात. ओसाकातला ब्राम्स मात्र तिशीतल्या एखाद्या कंडक्टरला मिळावा. त्याला दुसरीकडे संधी कोण देणार?

दुसरा_व्हायोलिन
म्युझिक डायरेक्टर हंगामातल्या सगळ्या मैफली स्वतः कंडक्ट करत नाही, पाहुणे कंडक्टर येतातच. तरुणांना बोलावण्याची ताकद आता हिसाइशींच्याच हातात आहे. पुढच्या दोन-तीन हंगामांत ते कोणाला बोलावतात, त्यावरून मी त्यांना जोखेन.

नदीकाठ
हे मान्य. पण बोलावलेल्यांना ब्राम्स द्या, उरलेसुरले कार्यक्रम नकोत.