मदत हवी आहे: गोठ्याभोवतीच्या अरुंद जागांतला खोल बर्फ कसा काढावा?

सप्रेम नमस्कार. न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्वेला असलेल्या टग हिल भागातील एका डेअरी फार्मवर मी काम करतो. थंड वारे सरोवरावरून वाफ उचलून आणतात, त्यामुळे येथे एका रात्रीत दोन-तीन फूट बर्फ साचतो.

मोकळे अंगण स्किड स्टीअरने (पुढे बादली लावलेल्या छोट्या लोडर यंत्राने) लवकर साफ होते. परंतु वासरांच्या खोपट्यांमधील चार फुटांची वाट, पाण्याच्या कुंडामागचा कोपरा आणि छपरावरून घसरलेल्या बर्फाने बुजलेली गोठ्याची बाजू, या ठिकाणी यंत्र शिरतच नाही. पहाटे फावडे घेऊन पोहोचतो, तेव्हा खोपट्याच्या दाराशी वासराच्या श्वासाची झालर गोठलेली असते आणि ते दुधासाठी हंबरत असते.

काढलेला बर्फ टाकायचा कुठे, हा खरा प्रश्न आहे. कुंपणालगत ढीग केला, तर तो घट्ट झाल्यावर कालवडी त्यावर चढून पलीकडे जातात. गेल्या आठवड्यात दोन तशाच पलीकडे गेल्या. भिंतीशी ठेवला, तर हवा कोंडते आणि वितळलेले पाणी आत येते. बर्फ वितळवणारे मीठ गुरे चाटतील म्हणून ते टाळून, पाय घसरू नये यासाठी मी वाळू पसरतो.

हाताने चालवायचा लहान स्नो ब्लोअर (बर्फ दूर उडवणारे यंत्र) शेणमिश्रित, गोठलेल्या बर्फात चालतो का? फाटकांची बिजागरे मोकळी ठेवण्यासाठी आपण काय करता? थंड प्रदेशात गुरे सांभाळलेल्यांनी कृपया अनुभव कळवावा.