घरातल्या माणसाचा अल्झायमर: तुमचे अनुभव लिहा

नौपाडाकर:
काल जांभळी नाक्यावर एक आजोबा भाजीवाल्याला परत परत "मेथी कशी दिली?" विचारत होते. तो न चिडता दर वेळी भाव सांगत होता. आई आठवली. सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता यायचं नाही, पण शाळेतल्या मैत्रिणींची नावं घडाघडा. डॉक्टर म्हणाले, नवीन आठवण मेंदूत हिप्पोकॅम्पसमध्ये तयार होते आणि या आजाराच्या तावडीत तो भाग सुरुवातीलाच सापडतो. जुनं बराच काळ टिकतं. तुमच्याकडे कसं होतं?

सीवूड्सची_सून:
सासूबाई. संध्याकाळ झाली की पिशवी भरून दारात, "मला घरी सोड." आई, हेच घर आपलं म्हटलं की भडकायच्या. मग वाद सोडला. "चहा घेऊन निघू" म्हणायचे, चहा होईस्तोवर विसरलेल्या असायच्या. बाकीचं नंतर, कुकर लावलाय.

पंपू:
काका टीएमटीत, म्हणजे ठाण्याच्या सिटी बसवर, कंडक्टर होते. शेवटी शेवटी घरी कोणी आलं की "सुट्टे द्या". आम्हीही कागदाचे कपटे तिकीट म्हणून घ्यायचो. काकूला ओळखायचे नाहीत, पण तिच्याकडे पैसे कधी मागितले नाहीत. "स्टाफ आहे" म्हणायचे.

मीरा_ऐरोली:
स्टाफ!! हसू की रडू

कळवेकर:
थोडं शास्त्र. पेशींच्या बाहेर अमायलॉइड प्रथिन साचतं, आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो, पेशी मरतात, मेंदू आकसतो. आलोइस अल्झायमरने १९०६ मध्ये एका रुग्ण बाईच्या मेंदूत, ती गेल्यावर, हेच पाहिलं. लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू झालेलं असतं. डोनेपेझिलची गोळी ॲसिटिलकोलिन (मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) टिकवून धरते, आजार थांबवत नाही. आणि कृपा करून प्रत्येक विसरभोळ्याला अल्झायमर चिकटवू नका, आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासा.

कोपरीकर:
बी-१२ ला अनुमोदन. बाबा इंजेक्शनांनी ताळ्यावर आले. आता माझी कॉलेजातली उधारीसुद्धा काढतात.

नौपाडाकर:
नशीबवान आहात हो.

मीरा_ऐरोली:
बाहेर निघून जातात त्यांचं काय करता? आजोबा मागे स्टेशनवर सापडले, तेही घरच्या चपलांत.

सीवूड्सची_सून:
आले परत. मीरा, सदऱ्याच्या खिशात नाव-नंबराची चिठ्ठी शिवून टाक. वॉचमनला फोटो देऊन ठेव. दाराला वरून कडी, पण आत एकटं ठेवून नको हं.

रानजाई:
मेथी कितीला होती पण?

नौपाडाकर:
तीस. काड्याच जास्त.

कोपरीकर:
पंपू, काका कुठल्या डेपोला? माझे मामा वागळेला होते.

पंपू:
वागळेच! नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.