चीन फिरून आलेल्यांचे कितपत ऐकावे?

(ही काही जणांमधील लेखी चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

पायपीट

परदेशी प्रवाशांनी चीनमधील रोजच्या जगण्याबद्दल केलेले लेखन आणि दाखवलेल्या चित्रफिती अलीकडे फार वाढल्या आहेत, आणि त्यामागचे कारण उघड आहे. डिसेंबर २०२३ पासून फ्रान्स, जर्मनी, इटली अशा देशांच्या नागरिकांना चीनने व्हिसाशिवाय प्रवेश दिला, पुढे ती यादी वाढवली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ५४ देशांच्या प्रवाशांना वाटेतल्या मुक्कामासाठी २४० तासांची मुभा दिली. भारत या दोन्ही याद्यांत नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना हा चीन दुसऱ्यांच्याच डोळ्यांनी दिसतो. त्यावर आपल्याकडे ठरलेल्या दोन प्रतिक्रिया उमटतात: हा सगळा सरकारी प्रचार आहे, किंवा बघा ते कुठे पोहोचले आणि आपण कुठे आहोत. मला दोन्ही आळशी वाटतात.

प्रवाशाला स्वतःच्या देहाने जे अनुभवावे लागते, म्हणजे चालणे, खाणे, गाडी पकडणे, पैसे चुकते करणे, रात्री एकट्याने मुक्कामी परतणे, त्याबाबत त्याची साक्ष ग्राह्य धरावी, असे माझे मत आहे. छंतू (चेंगडू) शहराच्या पीपल्स पार्कमधील हमिंग चहाघर १९२३ पासून चालू आहे. तिथे बांबूच्या खुर्च्यांवर दुपारभर बसून राहणारी म्हातारी मंडळी, झाकणाचे पेले, पुन्हा पुन्हा ओतले जाणारे गरम पाणी आणि चिमट्यांचा आवाज करत फिरणारे कान साफ करणारे कारागीर यांचे वर्णन जवळजवळ प्रत्येक प्रवासी करतो. संध्याकाळी चौकाचौकांत ध्वनिवर्धक लावून एका तालात नाचणाऱ्या प्रौढ स्त्रियाही सर्वांना दिसतात. यातले काहीही पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेले नाही. बीजिंग ते शांघाय हे १,३१८ किलोमीटरचे अंतर साडेचार तासांच्या आसपास कापता येते, हेही कोणाच्या मताचे मोहताज नाही. राज्यव्यवस्था आवडत नाही म्हणून रस्त्यावरचे निरीक्षण खोटे ठरवणे मला मान्य नाही.

तळटीप

आपण साक्षीदाराला निर्दोष सोडताना साक्ष कोणत्या परिस्थितीत दिली गेली हे पाहत नाही. १९६० मध्ये अमेरिकी पत्रकार एडगर स्नो चीनमध्ये फिरले. पूर्वीच्या वास्तव्यामुळे तो देश त्यांना चांगला परिचित होता, तरीही आपल्याला दुष्काळ दिसला नाही असे त्यांनी लिहिले. १९६१ मध्ये जाऊन आलेल्या, पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रांस्वा मितराँ यांनीही दुष्काळ नाकारला. त्याच काळात खेड्यांत कोट्यवधी माणसे उपासमारीने मरत होती. दोघांनी डोळ्यांनी पाहिलेले खोटे नव्हते, पण ते पुरेसेही नव्हते.

आजचा प्रवासी मोकळा फिरतो हे मान्य आहे, तरी त्याच्या दृष्टीआड राहणाऱ्या गोष्टी बदललेल्या नाहीत. चीनमध्ये कुटुंबाच्या नोंदणीची हुकोऊ नावाची पद्धत १९५८ च्या कायद्यापासून चालत आली आहे. सुमारे ३० कोटी ग्रामीण कामगारांपैकी मोठा वर्ग नोंदणी गावी ठेवून दूरच्या शहरांत राबतो. जो माणूस प्रवाशाच्या हॉटेलपर्यंत वीस मिनिटांत जेवण पोहोचवतो, त्याचे मूल आजीआजोबांकडे गावी असू शकते, कारण मोठ्या शहरातील सरकारी शाळेचा प्रवेश आणि काओखाओ ही बारावीनंतरची विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा या दोन्हींच्या आड ही नोंदणी येते. प्रवासी लिहितो की जेवण गरम होते. जून २०२३ मध्ये शहरी तरुणांमधील बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारने काही महिने तो आकडा प्रसिद्ध करणेच थांबवले. चहाघरात बसून हे कसे दिसणार?

शिकाऊ

मी मध्य चीनमधील एका शहरात वैद्यकीय शिक्षण घेतले, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लेखन वाचून थोडी अस्वस्थ झाले. आपण दोघेही राज्याबद्दल बोलत आहात, माणसांबद्दल कमी. जेवणानंतर टेबलावर डोके टेकून घेतलेली झोप, उन्हाळ्यातही हातात गरम पाण्याची बाटली, संध्याकाळी सहालाच उरकलेले जेवण, आणि पहिल्याच भेटीत वय, पगार आणि लग्नाची चौकशी, हे सारे मला आपल्या घरासारखेच वाटे. युरोपातील प्रवासी या चौकशीने चकित होतो आणि तिच्यावर परिच्छेद लिहितो, मराठी माणसाला ती बहुधा मावशीची आठवण करून देते. म्हणजे जे लिहिले जाते त्यात चीन किती आणि लिहिणाऱ्याचे घर किती, हे तपासले पाहिजे.

दुसरे असे की प्रवाशाला भाषा लागत नाही, कारण २०२३ पासून परदेशी कार्डे अलीपे आणि वीचॅट या फोनवरून पैसे चुकते करण्याच्या ॲपना सहज जोडता येऊ लागली आणि भाषांतर फोन करतो. रुग्णालयात मात्र म्हातारे रुग्ण स्थानिक बोलीतच बोलत आणि वर्गात शिकलेली प्रमाणभाषा तिथे अपुरी पडे. त्यांच्या तक्रारी समजू लागल्यावरच मला त्यांच्या घरातील पैशांची आणि मुलांच्या दूर असण्याची गोष्ट कळू लागली. शिवाय मैत्रिणीच्या घरी मुक्काम केला तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेल ती परस्पर करते, म्हणून पाहुण्याला हा नियम जाणवतही नाही.

कापडबाजार

एक छोटी भर घालतो. पूर्व चीनमधील खछ्याओच्या कापड बाजारात भारतीय व्यापारी इतकी वर्षे येऊन-जाऊन आहेत की परदेशी चेहऱ्याकडे तिथे कोणी वळूनही पाहत नाही. ‘सगळे माझ्यासोबत छायाचित्र काढू पाहत होते’ हे वाक्य प्रवासी ज्या शहरात गेला त्याबद्दलचे असते, देशाबद्दलचे नव्हे.

शिलालेख

तळटीप यांना एक प्रश्न आहे. सातव्या शतकात चिनी भिक्षू युआन श्वांग महाराष्ट्रात आला आणि इथली माणसे उपकार जाणणारी, पण अपमानाचा सूड घेणारी आहेत असे त्याने लिहिले. ते आपण शाळेपासून अभिमानाने सांगतो. त्याच मजकुरात पुलकेशीच्या सैन्यातील हत्तींना युद्धाआधी मद्य पाजण्याचा उल्लेख आहे, तो मात्र आपण सहसा सांगत नाही. परक्याची स्तुती आपल्याबद्दल असली की पुरावा आणि चीनबद्दल असली की प्रचार, हा न्याय कसा?

तळटीप

न्याय दोन्हीकडे सारखाच असावा. युआन श्वांगने नालंदेत राहून संस्कृतचा अभ्यास केला, म्हणून तिथल्या विद्याजीवनाबद्दलचे त्याचे लेखन मी वजनदार मानतो. महाराष्ट्रातून तो फिरता फिरता गेला, तेव्हा आपल्या स्वभावाबद्दलचे त्याचे प्रशस्तिपत्रकही जरा कमी उगाळावे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, भाषा शिकले, तिथेच लग्न केले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यासारख्याने तिथल्या माणसांविषयी काही सांगितले तर मी आधी ऐकेन.

पायपीट

मग प्रवाशाच्या साक्षीची हद्द आखू या. छोंगछिंग शहरातील लिझिबा स्थानकात मोनोरेल राहत्या इमारतीतून आरपार जाते, आणि इमारत भोसकून रूळ नेला अशी समजूत अनेक चित्रफितींमुळे पसरली. प्रत्यक्षात स्थानक आणि इमारत यांची आखणी एकत्रच झाली होती. गाडी इमारतीतून जाते ही प्रवाशाची साक्ष खरी, का जाते याचा त्याने लावलेला अर्थ चुकीचा. मी पहिल्या भागापुरताच आग्रह धरतो. रात्री अकराला एकटी चालत परतताना भीती वाटली नाही असे एखादी स्त्री लिहिते, तेव्हा तिला हुकोऊची माहिती नसल्याने ते विधान कमकुवत होत नाही.

तळटीप

होत नाही, पण ती भीती का वाटली नाही हे विचारताच कॅमेरे, मेट्रोच्या दारातील सामानतपासणी आणि ओळखपत्राशी बांधलेले रेल्वेचे तिकीट हे सगळे पुढे येते. आपण ‘काय’ आणि ‘का’ वेगळे करता, वाचक मात्र दोन्ही एकत्रच गिळतो आणि ‘आपल्याकडेही असेच हवे’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे ही हद्द मला अजून पटलेली नाही.