मुलगा पाच वर्षांचा, डीएलडी निघालं. स्पीच थेरपीने नेमका किती फरक पडतो?

देवगडची_आई
आम्ही देवगड तालुक्यातले, कलमांची बाग आहे. मुलगा जूनमध्ये पाच पूर्ण झाला. दिवसभर बोलतो, पण ऐनवेळी शब्द सापडत नाही. विळी रोज समोर असते, तरी तिला 'ता कापूचा' म्हणतो. 'बाबा बाग गेलो' असं प्रत्यय गाळून बोलतो. 'चपला काढ आणि आजीक हाक मार' म्हटलं की चपला काढतो आणि तिथेच उभा राहतो. कान तपासून घेतले, ऐकू व्यवस्थित येतं. कोल्हापूरच्या थेरपिस्टनी डीएलडी, म्हणजे विकासात्मक भाषा विकार सांगितला.

सासूबाई म्हणतात, 'बोलात गो हळूहळू, तेचो बापूस पण उशिरानच बोलाक लागललो.' शेजारणी वेखंड उगाळून चाटव म्हणतात. फोंडाघाट चढून दर आठवड्याला कोल्हापूर जमणारं नाही, आणि फेब्रुवारी ते मे तर आमच्या घरातून कोणी हलूच शकत नाही. एवढी धावपळ करून खरंच किती उपयोग होतो? पूर्ण बरा होईल का? एका ओळखीच्या बाईंनी घरात मालवणी बंद करून फक्त प्रमाण मराठी बोला असं सांगितलंय. तेही कळत नाही. रात्री झोप लागत नाही हो.

वाशिष्ठीकाठ
ताई, माझी मुलगी आता दहा वर्षांची आहे. साडेचारची असताना थेरपी सुरू केली. माझा अनुभव जसा आहे तसा सांगते.

पहिल्या ठिकाणी आमचे आठ महिने फुकट गेले. मुलीला आत न्यायचे, दार लावायचे, पाऊण तासाने बाहेर आणून 'छान केलं आज' म्हणायचे. आत काय चाललंय ते मला कधीच कळलं नाही, घरी काय करायचं तेही नाही. कार्डावरची चित्रं तिला पाठ झाली, पण जेवताना 'अजून भात वाढ' म्हणता येईना. दुसऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी मला शेजारी बसवलं. त्या महिन्यातून दोनदाच भेटायच्या, पण प्रत्येक वेळी एकच काम द्यायच्या. एकदा नुसतं 'आत, वर, खाली'. मी कोळंबी सोलताना तिला जवळ घेऊन बसायचे. सालं टोपलीत, कोळंबी पातेल्यात, झाकण वर. पंधरा दिवस तेच. तीन महिने काहीच दिसलं नाही, मी रडकुंडीला आले होते. मग एक दिवस मांजर आलं आणि ती ओरडली, 'आई, पातेल्यात तोंड घातलं!'

आज ती गोष्ट सांगते, भांडते, फोनवर बोलते. धड्याखालचे लांबलचक प्रश्न मात्र अजून दोनदा समजावून द्यावे लागतात, वाचनही मागे आहे. फरक पडला, खूप पडला, पण सगळं गेलं नाही.

खाडीपलीकडे
मी रत्नागिरी भागात १४ वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. वरच्या ताईंनी लिहिलंय त्यात बरंच आलं.

शंभरातल्या साधारण सात मुलांना हा त्रास असतो, म्हणजे तुमचं घर एकटं नाही. तुमच्या वागण्यामुळे हे झालेलं नाही. उपयोगाचं म्हणाल तर २००३ साली कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात त्या वेळपर्यंतच्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. उच्चार आणि शब्दसंपत्ती यांत थेरपीचा फायदा दिसला. वाक्यरचनेबाबत निकाल संमिश्र होते. बोललेलं समजण्यात अडचण असेल तिथे फायद्याचा पुरावा कमी मिळाला. तुमचा मुलगा दुहेरी सूचनेला अडतो, म्हणजे त्याची समजही नीट तपासून घ्या आणि तिथे जास्त वेळ लागेल ही तयारी ठेवा. तुमच्या कामाची गोष्ट अशी की त्याच आढाव्यात, नीट शिकवलेल्या पालकांनी दिलेली थेरपी आणि तज्ज्ञाने दिलेली थेरपी यांत ठळक फरक दिसला नव्हता. आठ आठवड्यांहून लांब चाललेले उपचार जास्त उपयोगी पडत असल्याचाही कल होता. म्हणून पंधरवड्याला एकदा जा, पण तुम्ही आत बसा. हंगामात व्हिडिओ कॉलवर चालेल का विचारा.

'पूर्ण बरा' हा शब्द मी कुणालाच देत नाही. पाचव्या वर्षीही ठळक असलेली अडचण बहुतेक मुलांत मोठेपणीही थोडीफार उरते. पण गरजेपुरतं, मग मनासारखं बोलता येणं, शाळेत टिकणं, मित्र मिळणं हे सगळं बदलतं आणि त्यासाठीच आपण झटतो.

आजपासून एक करा. तो 'बाबा बाग गेलो' म्हणाला की 'असं नाही' म्हणू नका, परत म्हणायलाही लावू नका. 'होय, बाबा बागेत गेलो' एवढंच बोला आणि गप्पा पुढे न्या. दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. वेखंडाने भाषा येत नाही, उलट जास्त गेलं तर मुलांना उलट्या होतात. ते नकोच.

मालवणी बंद करू नका, हे हात जोडून सांगते. दोन बोली कानावर पडल्याने डीएलडी होत नाही आणि वाढतही नाही. आजीचं बोलणं तोडलं तर त्याच्याशी दिवसभर बोलणारं माणूसच तोडाल.

आणखी एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. भाषेचा उशीर त्यांच्या यादीत आहे आणि पुढची सेवा मोफत असते. अंगणवाडी सेविकेकडे तारीख विचारा, जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची, चौकशी करा. खासगी थेरपिस्ट निवडताना पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक आवर्जून बघा.

सावंतवाडी_गुरुजी
मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. शाळेतल्या बाईंना आत्ताच भेटून सांगा, ताई. अशी मुलं आमच्याकडे 'आळशी' आणि 'लक्ष नाही' म्हणून मागे बसवली गेली, मीही बसवली आहेत, त्याची आजही बोच आहे. पुढच्या बाकावर बसवायला सांगा, सूचना एकेक द्यायला सांगा, उत्तरासाठी दहा आकडे मोजेपर्यंत थांबायला सांगा.

देवगडची_आई
तीन आठवड्यांनी लिहितेय. कोल्हापूरला सांगून आत बसले, त्यांनी आनंदाने बसू दिलं. बाईंनाही भेटले. 'बागेत'चं काम सासूबाईंनीच अंगावर घेतलंय, दिवसभर त्याच्याशी बोलत असतात. काल संध्याकाळी तो पडवीत बसून म्हणाला, 'बाबा बागेत गेलो. माका नाय नेल्यान.' रुसला होता. आज सकाळी परत 'बाग गेलो'च म्हणाला. खाडीपलीकडे ताई, असं मागेपुढे होतं का? आणि पुढचा शब्द कधी घ्यायचा?

खाडीपलीकडे
होतं, सुरुवातीला असंच होतं. 'बागेत' अजून दोन आठवडे चालू द्या, जोडीला 'घरात' आणि 'पाण्यात' घ्या. आजीना माझो नमस्कार सांगा.