मदत हवी आहे: जिंजी आणि तंजावर दाखवणारा जाणकार गाइड

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेर आई-बाबांना घेऊन चेन्नईमार्गे जिंजी आणि तंजावरला जातोय. मोजकेच दिवस हाताशी आहेत, त्यामुळे सोबत माहितगार माणूस हवा.

जिंजी बाबांसाठी फार जिव्हाळ्याचा विषय. 1677 साली महाराजांनी घेतलेला हा किल्ला पुढे राजाराम महाराजांचा आधार झाला, मुघल सरदार जुल्फिकारखानाचा वेढा वर्षानुवर्षं झेलत राहिला. तिथे नुसते फोटो काढून परतायचं नाहीये. किल्ल्यातल्या राजगिरी टेकडीच्या माथ्याजवळ खोल घळीवर पूल आहे, तो ओलांडूनच वरच्या दरवाजात जाता येतं. तिथपर्यंत चढायची बाबांची फार इच्छा आहे. सत्तरीच्या माणसाला त्या पायऱ्या झेपतील का? गुडघे ठीक आहेत, दम मात्र लागतो. पहाटे किती वाजता चढायला लागावं? आई खाली कल्याण महाल आणि धान्यकोठारं बघत थांबेल. तिथे सावली, पाणी, स्वच्छतागृह आहे ना?

तंजावरला राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या आवारातला 1803 चा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख बघायचाय. तो अख्खा वाचून समजावणारं कुणी मिळालं तर सोन्याहून पिवळं! तिथल्या मराठी कुटुंबांपैकी कुणी असं फिरवून दाखवतं का?

गाइड मराठी किंवा हिंदी बोलणारा हवा. मानधन साधारण किती, आणि जिंजीत राहावं की तिरुवण्णामलैला, हेही सांगा. नंबर कृपया मेसेजमध्येच पाठवा.